वाळूच्या पोटातील पाण्याची वाट



ही व्याख्याने ज्या दिवसांत होतात ते दिवस विहिरींचे तळ दिसण्याचे असतात. पाणी खाली गेले म्हणजे माणसाला पाण्याची आठवण होते, आणि ते वर आले की ती आठवणही बुडून जाते. म्हणून ह्या संध्याकाळी आम्ही मुद्दाम जमिनीखालच्या पाण्याचा विषय काढला आहे. वाळूचा, खडीचा किंवा कोणत्याही दाणेदार वस्तूचा थर घ्यावा, त्यातून पाणी वाहू द्यावे, आणि त्या पाण्यात मिसळलेला पदार्थ पुढे जाता जाता कसा पसरतो हे पाहावे, एवढाच तो विषय. तो रुक्ष वाटेल हे आम्ही जाणतो. परंतु ह्याच प्रश्नाचे घरगुती रूप असे आहे: संडासाचा शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर ह्यांत किती अंतर असावे? घर बांधणारा प्रत्येक गृहस्थ हे विचारतो. गवंडी त्याला एक आकडा सांगतो, शेजारी दुसरा सांगतो, ओव्हरसियर तिसरा सांगतो, आणि शेवटी जागा असेल तेवढे अंतर ठेवले जाते. हा आकडा कशावरून ठरावा, आणि तो नुसत्या सरासरीवरून ठरवला तर काय घडते, हे आज आम्हांला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम थराचे अंतरंग पाहू. एका घागरीत गोट्या भरा. घागर शिगोशीग भरली तरी तिच्यात पाणी ओतता येते, आणि तेही थोडेथोडके नव्हे. घागरीच्या शंभर भागांपैकी छत्तीस ते चाळीस भाग जागा गोट्यांच्या मध्ये रिकामीच असते. गंमत अशी की गोट्या लहान घेतल्या म्हणून हे प्रमाण फारसे बदलत नाही. वाटाणे घ्या, मोहरी घ्या, एकसारख्या दाण्याची वाळू घ्या, रिकामी जागा साधारण तेवढीच राहते. बदलते ते त्या जागेचे रूप. गोट्यांमधील वाटा म्हणजे हमरस्ते. वाळूमधील वाटा म्हणजे आपल्या जुन्या पेठांतले बोळ. अरुंद, वाकडे, एकातून दुसरा फुटणारे, आणि काही तर पुढे भिंत लागून बंद झालेले. ह्या बंद बोळांची आठवण ठेवावी. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

अशा बोळांतून पाणी किती वाहते ह्याचा पहिला चोख हिशेब आंरी डार्सी ह्या फ्रेंच इंजिनियराने मांडला. दिजों हे त्याचे जन्मगाव. गावाला चांगले पाणी नव्हते, म्हणून त्याने सुमारे चार कोसांवरच्या एका झऱ्याचे पाणी झाकलेल्या कालव्याने गावात आणले. ते १८४० साली पोचले. पुढे १८५५-५६ मध्ये त्याने दिजोंच्याच इस्पितळाच्या आवारात एका उभ्या नळकांड्यात वाळू भरून प्रयोग केले, आणि गावाच्या पाणीपुरवठ्यावरील १८५६ च्या आपल्या ग्रंथात ते एका परिशिष्टात छापले. ग्रंथ आज कोणी फारसा उघडत नाही, परिशिष्ट मात्र जगभर शिकवले जाते. त्यातला नियम असा. वाळूच्या दोन टोकांच्या पाण्याच्या पातळीतील फरक दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होतो. थराची लांबी दुप्पट केली तर प्रवाह निम्मा होतो. एवढ्या नियमावर विहिरी, धरणांखालची गळती आणि गाळणवाफे ह्यांचे गणित आजतागायत चालले आहे.

परंतु डार्सीचा नियम पाण्याची बेरीज सांगतो. एका तासात किती घागरी पलीकडे गेल्या हे तो सांगेल. अमुक एक घागर आत ओतली तर तीच घागर केव्हा बाहेर येईल हे तो सांगणार नाही. आपण भागाकार करून सरासरी वेळ काढू शकतो. आणि माणूस नेमका तेथेच फसतो, कारण ती घागर कधीच एकसंध बाहेर येत नाही.

ही गोष्ट जमिनीत प्रत्यक्ष मोजून दाखवणाऱ्यांत चार्ल्स स्लिक्टर ह्यांचे नाव आधी घ्यावे लागेल. ते अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. तेथील भूगर्भ-पाहणी खात्यासाठी जमिनीतील पाण्याचा वेग शोधण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि त्याचा वृत्तान्त १९०५ साली प्रसिद्ध झाला. गणिताच्या प्राध्यापकाने फळा सोडून वाळूत नळ ठोकीत हिंडावे, ह्याचे आम्हांला मोठे कौतुक वाटते. त्यांची रीत साधी होती. वरच्या अंगाच्या एका नळविहिरीत नवसागर टाकावयाचा. आपल्याकडे कल्हईवाल्याच्या पिशवीत असतो तोच नवसागर. खालच्या अंगाला काही फुटांवर दुसऱ्या नळविहिरी ठोकून त्यांत विजेच्या तारा सोडावयाच्या. नवसागर पाण्यातून तेथे पोचला की पाण्यातून वीज अधिक वाहते आणि घड्याळासारख्या यंत्राचा काटा हलतो. नवसागर एका क्षणी टाकला, तेव्हा काटाही एका क्षणी उडी मारील, अशी आपली अपेक्षा. काट्याने उडी मारली नाही. तो आधी किंचित हलला, मग हळूहळू चढत गेला, आणि चढला तितक्याच सावकाश, किंबहुना त्याहूनही रेंगाळत, खाली उतरला. एका क्षणाचा नवसागर कित्येक तासांचा होऊन बाहेर आला.

असे का व्हावे? आळंदीहून पालखी निघते तेव्हा एका दिंडीतले वारकरी एकाच वेळी पाऊल उचलतात. तरी संध्याकाळी मुक्कामाला कोणी दिवस असताना पोचतो, कोणी दिवेलागणीला, कोणी त्याहूनही उशिरा. प्रत्येकाची चाल निराळी आणि प्रत्येकाची वाट थोडी निराळी. वाळूतल्या पाण्याचे असेच आहे. एकाच बोळाच्या मध्यावरचे पाणी भरभर जाते, आणि दाण्याला चिकटून असलेले पाणी जवळजवळ थबकलेले असते. शिवाय एक बोळ रुंद, दुसरा अरुंद; एक सरळ, दुसरा वळसा घेऊन येणारा. ह्या दोन्ही गोष्टी स्लिक्टर ह्यांनी ओळखल्या होत्या. पण त्यांत एक तिसरी गोष्ट मिसळते, आणि ती समजण्यास आणखी जवळजवळ अर्धे शतक जावे लागले.

ती समजावली केंब्रिजच्या जी. आय. टेलर ह्यांनी, १९५३ साली. टेलर ह्यांनी वाळू बाजूला ठेवून एकच बोळ घेतला, म्हणजे अर्ध्या मिलिमीटर पोकळीची, सुमारे दीड मीटर लांबीची काचनळी. तिच्यातून त्यांनी पाणी संथपणे सोडले आणि त्यात पोटॅश परमँगनेटचा जांभळा थेंब घातला. पटकीच्या साथीत विहिरी ज्याने लाल करीत ते हेच औषध, वडीलधाऱ्यांना ते आठवत असेल. नळीच्या मध्यावरचे पाणी सरासरीच्या दुप्पट वेगाने जाते आणि काचेलगतचे जागचे हलत नाही. तेव्हा त्या जांभळ्या थेंबाची लांबच लांब तार ओढली जावी. परंतु पाण्याचे आणि रंगाचे कण आपल्या जागी स्वस्थ नसतात. ते सतत इकडेतिकडे भटकत असतात. मध्यावरचा कण भटकत कडेला येतो, कडेचा मध्यावर जातो. म्हणून कोणीच फार काळ पुढे राहत नाही आणि कोणीच फार काळ मागे राहत नाही. तिकिटांच्या खिडकीपुढे दोन रांगा आहेत, एक भरभर सरकते आहे आणि दुसरी रखडते आहे, असे समजा. लोक आपापली रांग धरून बसले तर पहिल्या आणि शेवटच्या माणसात मोठे अंतर पडेल. लोक वारंवार रांगा बदलू लागले तर सर्वांचा वेळ साधारण सारखाच होईल.

ह्यातून जो निष्कर्ष निघाला तो प्रथम ऐकणाऱ्याला उलटाच वाटतो. ज्या पदार्थाचे कण अधिक चपळपणे भटकतात, तो पदार्थ अशा नळीत प्रवाहाच्या दिशेने कमी पसरतो; आळशी कणांचा पदार्थ अधिक पसरतो. आपण साखरेचा खडा स्थिर पाण्यात टाकतो तेव्हा भटकण्याने पसरणे वाढते. वाहत्या पाण्यात तेच भटकणे पांगलेल्यांना पुन्हा एकत्र आणते. आम्हांला टेलर ह्यांचा हा लहानसा प्रयोग मोठमोठ्या यंत्रांच्या प्रयोगांपेक्षाही अधिक सुंदर वाटतो, कारण एक काचनळी आणि एक जांभळा थेंब ह्यांपलीकडे त्यात फारसे काही नाही.

त्याच वर्षी, म्हणजे १९५३ मध्येच, केंब्रिजचेच पीटर डँकवर्ट्‌स ह्यांनी कारखान्यांतील भांड्यांविषयी असाच प्रश्न विचारला. हे गृहस्थ १९४० साली लंडनवर पडलेले न फुटलेले सुरुंग निकामी करीत होते आणि त्याबद्दल त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला होता. त्यांचे म्हणणे असे की भांड्यातून सरासरी किती वेळात द्रव जातो हे विचारून भागत नाही. त्यातील किती हिस्सा लवकर बाहेर पडला आणि किती हिस्सा आत अडकून राहिला, ह्याची वयवार खानेसुमारी केली पाहिजे. सुरुंग हाताळलेल्या माणसाला सरासरीचा भरवसा वाटू नये, हे स्वाभाविकच म्हणावयाचे.

आता थोडे गणित करू. फार करणार नाही. पाण्याचा कण एका दाण्यापाशी आला की त्याला डावीकडे किंवा उजवीकडे जावे लागते. कवडी टाकून तो हे ठरवतो असे माना. उताणी पडली तर डावीकडे, पालथी पडली तर उजवीकडे. शंभर वेळा कवडी टाकली तर शंभर वेळा उताणी पडत नाही. डावे-उजवे बरेचसे एकमेकांत वजा होते आणि शिल्लक साधारण दहाच्या आसपास राहते. दहा हजार वेळा टाकली तर शंभराच्या आसपास. म्हणजे प्रवास शंभरपट झाला तरी फैलाव दहापटच होतो. पुढेमागे होण्याचा हिशेब ह्याच जातीचा आहे. एक मिलिमीटर दाण्याच्या एकसारख्या वाळूतून पाणी एक मीटर गेले की पुढचे आणि मागचे कण सरासरीपासून साधारण तीन ते पाच सेंटिमीटर पांगलेले सापडतात. शंभर मीटर गेले तर हा आकडा तीनशे सेंटिमीटर होत नाही. तीस ते पन्नास सेंटिमीटरच होतो.

मात्र बाजूला पसरणे आणि पुढेमागे पसरणे ह्यांत मोठा फरक आहे. दाण्याला वळसा घालून पाणी लगेच पुन्हा आपल्या वाटेला लागते, म्हणून आडवे सरकणे दाण्याच्या जाडीच्या एका अंशापुरतेच होते. वेगातील फरकाला असा आवर नाही. त्यामुळे वाळूत आडव्या पसरण्याचे माप उभ्या पसरण्याच्या पाचव्या भागापासून विसाव्या भागापर्यंत खाली असते. जमिनीत सोडलेली घाण तेलाच्या डागासारखी चोहोकडे पसरत जाते असे पुष्कळांना वाटते. ती तशी पसरत नाही. ती धुराच्या रेघेसारखी लांबट आणि अरुंद जाते. त्या रेघेच्या बाहेर दहा हातांवर असलेली विहीर वर्षानुवर्षे निर्मळ राहील, आणि रेघेत सापडलेली दूरची विहीर नासेल. 'शेजाऱ्याची विहीर तर चांगली आहे' हा युक्तिवाद म्हणूनच पोकळ आहे.

आता हे सगळे माणसाच्या जिवाशी कसे येऊन भिडते, ते पाहू. १८९२ च्या उन्हाळ्यात जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात पटकी आली. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही गावे इतकी जोडलेली की रस्त्याची एक बाजू एका गावात आणि दुसरी दुसऱ्यात. दोन्ही गावे एल्ब नदीचेच पाणी पीत. हॅम्बुर्ग ते शहराच्या वरच्या अंगाने घेई, परंतु गाळल्याशिवाय. आल्टोना ते खालच्या अंगाने घेई, म्हणजे हॅम्बुर्गचा सगळा मैला मिसळल्यानंतर. परंतु वाळूच्या वाफ्यांतून गाळून. हॅम्बुर्गमध्ये सुमारे ८,६०० माणसे दगावली, म्हणजे हजारी तेरा-चौदा. आल्टोनात हजारी दोनच्या आसपास, आणि त्यांतील अनेकांना संसर्ग हॅम्बुर्गमध्येच झालेला. वाळूने केलेला एवढा धडधडीत उपकार इतिहासात क्वचितच सापडेल.

आणि तरीही आम्हांला सांगावयाची गोष्ट ह्याच्या पुढची आहे. त्याच हिवाळ्यात, १८९३ च्या आरंभी, आल्टोनात पटकीने पुन्हा डोके वर काढले, आणि ह्या वेळी ती हॅम्बुर्गहून आलेली नव्हती. रोबर्ट कॉख ह्यांनी तपास केला. गाळणवाफ्याचे काम मुख्यतः वाळूच्या माथ्यावर धरणारी जिवाणूंची आणि गाळाची साय करीत असते. जंतू वाळूच्या छिद्रांपेक्षा पुष्कळच लहान असतात, नुसत्या चाळण्याने ते अडत नाहीत. ही साय फार दाटली की ती खरवडून वाफा साफ करावा लागतो. कडाक्याच्या थंडीत साफसफाईच्या वेळी एक वाफा गोठला आणि बिघडला. बाकीचे वाफे उत्तम चालले होते. सर्व वाफ्यांचे पाणी एकत्र होऊन गावाला जात होते, आणि त्या एका वाफ्यातून पाणी घाईने, न गाळले जाता, निसटून त्यात मिसळत होते. सरासरी पाहिली तर गाळणी चांगलीच म्हणावी लागली असती. माणसे मेली ती सरासरीने नव्हे. ह्यावर कॉख ह्यांनी जे नियम घालून दिले त्यांत दोन आमच्या विषयाच्या गाभ्यातले आहेत. वाफ्यावरून पाण्याची पातळी तासाला शंभर मिलिमीटरपेक्षा वेगाने उतरू देऊ नये. आणि प्रत्येक वाफ्याचे पाणी रोज निरनिराळे तपासावे, एकत्र करून नव्हे.

वाफा निदान माणसाने रचलेला असतो. जमीन कोणी रचली आहे? तिच्यात जाड रेतीचा एक पट्टा, त्याखाली बारीक वाळू, मध्येच चिकणमातीची पेढी, असा सगळा प्रकार असतो. त्यामुळे प्रयोगशाळेतील नळीत पांगण्याचे जे माप दाण्याएवढे येते, ते जमिनीत कितीतरी मोठे येते. ह्याचे सर्वांत काळजीपूर्वक मोजलेले उदाहरण अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्‌स राज्यातील केप कॉड ह्या वाळूच्या भूशिरावरचे आहे. तेथील लष्करी तळाचा शुद्ध केलेला मैला १९३६ पासून वाळूच्या वाफ्यांत जिरवीत असत. वाळू तो गाळील आणि पाणी तो विरवील, असा भरवसा होता. १९७८-७९ मध्ये पाहणी झाली तेव्हा जमिनीखाली त्या मैलापाण्याचा एक पट्टाच सापडला: अकरा हजार फुटांपेक्षा लांब, अडीच ते साडेतीन हजार फूट रुंद आणि अवघा पाऊणशे फूट जाड. त्यात धुण्याच्या कृत्रिम पावडरींचा फेस होता. आणि तो फेस ज्या जातीच्या पावडरींचा होता त्यांचा वापर १९६५ च्या सुमारासच बंद पडलेला होता. वरच्या गावाने आपली साबणाची पावडर बदलली तरी खालच्या गावाचे पाणी फेसाळतच राहिले.

तेथेच जुलै १९८५ मध्ये शास्त्रज्ञांनी सुमारे ७,६०० लिटर पाण्यात निरुपद्रवी ब्रोमाइड घालून ते जमिनीत सोडले आणि पुढे जवळजवळ दीड वर्ष त्याचा पाठलाग केला. पाठलागासाठी त्यांनी ६५६ नळ उतरवले होते आणि प्रत्येक नळातून निरनिराळ्या खोलीवरचे पाणी काढण्याची सोय होती, म्हणजे एकूण ९,८४० जागांची पाळत. ब्रोमाइडचा तो ढग दिवसाला ०.४२ मीटर चालला. सवा वर्षाने तो ऐंशी मीटरांहून लांब झाला होता, पण रुंदीला चौदा मीटर आणि जाडीला चार-सहा मीटरच. पांगण्याचे माप प्रवाहाच्या दिशेने ०.९६ मीटर आले, आडवे १.८ सेंटिमीटर आणि खाली-वर अवघे दीड मिलिमीटर. नळीतल्या दाण्याएवढ्या मापाशी हे ०.९६ मीटर ताडून पाहावे. हा वाढावा दाण्यांनी केलेला नसून थरांनी केलेला आहे. आणि हे तर जगातील त्यातल्या त्यात एकसारख्या जमिनींपैकी एक.

ह्या आकड्यांचा उपयोग आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे करू. जर्मनीत पिण्याच्या विहिरीभोवती एक आतली हद्द आखतात. तिच्या काठावरून निघालेल्या पाण्याला विहिरीपर्यंत यावयास पन्नास दिवस लागावेत, असा दंडक आहे, कारण तेवढ्या दिवसांत रोगाचे बहुतेक जंतू जमिनीत मरून जातात. विषाणू कधीकधी त्याहूनही चिवट निघतात, पण ते असो. दिवसाला ०.४२ मीटर ह्या वेगाने पन्नास दिवसांचे अंतर होते एकवीस मीटर. अंतर ठरले, विहीर सुरक्षित झाली, असे वाटते. आता त्यात ०.९६ मीटर हे पांगण्याचे माप घालून ढोबळ हिशेब करा. शंभरातील पन्नास थेंब पन्नासाव्या दिवसाच्या आसपास पोचलेले असतील हे खरे. परंतु त्या शंभरातील दोन-तीन थेंब अठ्ठाविसाव्या दिवशीच विहिरीत दाखल झालेले असतील. मिठाच्या दृष्टीने दोन-तीन थेंब म्हणजे काहीच नाही. विषमज्वराच्या जंतूंच्या दृष्टीने बावीस दिवसांची ही बचत पुष्कळ आहे, कारण तेवढे दिवस ते मरावयाचे राहून गेले. विहीर कितपत निर्धोक हे ठरवणारा थेंब सरासरीचा नसतो, तो सगळ्यांत पुढे धावणारा असतो.

सगळ्यांत मागे राहणाऱ्याचीही एक कथा आहे. प्रारंभी आम्ही बंद बोळांची आठवण ठेवावयास सांगितले होते ती ह्यासाठी. घाणेरडे पाणी शेजारून वर्षानुवर्षे वाहत असता त्यातील काही पदार्थ त्या बंद बोळांत आणि चिकणमातीच्या पेढ्यांत हळूहळू शिरून बसतो. पुढे मुख्य वाट स्वच्छ झाली की तोच पदार्थ, शिरला तितक्याच सावकाश, बाहेर येऊ लागतो. अमेरिकेत कारखान्यांच्या रसायनांनी नासलेले भूजल पंपाने उपसून शुद्ध करण्याचे मोठे प्रयत्न झाले. तेथील राष्ट्रीय संशोधन मंडळाने १९९४ साली अशा ७७ जागांचा आढावा घेतला. त्यांपैकी ६९ ठिकाणी ठरवलेले उद्दिष्ट तोवर गाठले गेलेले नव्हते. पंप चालू असताना पाणी सुधारे, पंप थांबवला की पुन्हा बिघडे. ज्या पदार्थाला आत जाण्यास वीस वर्षे दिली, तो दोन वर्षांत बाहेर येईल अशी अपेक्षा करणे हा पाण्यावर अन्याय आहे.

आपल्या प्रांताचे काय, असे आपण विचाराल. वाळूचे हे शास्त्र तापी-पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यात किंवा नदीच्या कोरड्या पात्रात खणलेल्या झऱ्याला बरेचसे लागू पडते. पण महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भूमीवर काळा पाषाण आहे. त्यात पाणी दाण्यांच्या मधून जात नाही, भेगांतून जाते. वर मुरूम असेल तोपर्यंत काही गाळणे होते. खाली फुटीर खडक लागला की एखादी भेग म्हणजे नळच. वाळूत असंख्य बोळ असतात म्हणून भरभर जाणाऱ्याला आणि रखडणाऱ्याला निदान रांगा बदलावयास मिळतात. भेगेत ती सोय नाही. तेथे सरासरी वेळ महिन्याचा निघाला तरी पुढचा थेंब दोन दिवसांत येऊन उभा राहू शकतो. कोकणातील जांभ्याची गोष्टही ह्याहून फारशी वेगळी नाही. त्याच्या पोटातील भोके ज्यांनी चिरे घडवताना पाहिली आहेत त्यांना ती सांगावयास नको. म्हणून वाळूच्या देशात ठरलेले पन्नास-साठ फुटांचे अंतर पुस्तकातून उचलून आपल्या विहिरीला लावणे आम्हांला धोक्याचे वाटते.

त्यापेक्षा स्लिक्टर ह्यांची नवसागराची रीत घरच्या मिठाने करता येते. आपल्या विहिरीबद्दल शंका असेल त्याने पाण्याची विद्युतवाहकता मोजणारे लहानसे यंत्र मिळवावे. आजकाल ते खिशात मावते आणि फार महागही नाही; जिभेवर मात्र विसंबू नये, कारण तिला खारटपणा कळेतो फार मीठ लागते. आधी आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ विहिरीच्या पाण्याचा आकडा वहीत लिहावा, म्हणजे तो आपल्या आपण किती वरखाली होतो हे समजेल. मग मीठ एका पिंपभर पाण्यात विरघळवून ते शोषखड्ड्यात सोडावे. पाणी फार दाट खारे करू नये. जड पाणी तळाला बसते आणि भलत्याच वाटेने जाते. त्यानंतर नेमाने आकडे लिहीत राहावे. आकडा नेहमीच्या वरखालीच्या बाहेर प्रथम ज्या दिवशी पडला तो दिवस लाल शाईने लिहावा. तो सर्वांत मोठा कधी झाला हे निळ्या शाईने लिहिले तरी चालेल. आकडा मुळीच हलला नाही तर हर्ष करण्याची घाई करू नये, मीठ विहिरीच्या बाजूने निघून गेलेले असू शकते. आणि तो पुन्हा मूळ जागी येईपर्यंत वही मिटू नये, मग त्यास कितीही आठवडे लागोत. हा प्रयोग उन्हाळ्यात एकदा करून थांबता येत नाही. पाऊस पडून पाण्याची पातळी वर आली की आज कोरड्या असलेल्या वरच्या भेगा वाहू लागतात, आणि वैशाखात ज्या विहिरीला नऊ दिवस लागले तिला श्रावणात किती लागतात हे पुन्हा मीठ टाकूनच पाहावे लागते.